कुणाची हरकत नव्हती

बसा. संकोच करू नका, माझ्याकडे लोक बसायलाच येतात. फक्त आज गप्पा तुम्ही मारायच्या नाहीत, आज मी बोलणार आहे. सत्तर वर्षं ऐकून घेतलं, आता पुरे झालं.

मी दुधाचा कट्टा. ओस्विक गावचा, बोटीच्या धक्क्यावरून वर येणाऱ्या रस्त्याच्या कडेचा. खाली दगडी चौथरा, वर लाकडी फळ्या, डोक्यावर उतरतं छप्पर. समोर गावाचं सभागृह, पाठीमागे हिरवं कुरण आणि कुरणाच्या पायाशी फियॉर्डचं, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीचं, काळंभोर पाणी. स्वभाव माझा मुळात शांत होता. आता तो तसा राहिलेला नाही.

मला ओमुंडने बांधलं. त्याच्या चार गाई होत्या, आणि गावात तेव्हा घरटी दोन-तीन गाई असायच्याच. रोज सकाळी दुधाचे कॅन माझ्यावर येऊन उभे राहायचे, प्रत्येक घराचा रंग वेगळा. मग ट्रक यायचा. ओमुंडने माझी उंची मोजूनमापून ठेवली होती. ट्रकचा फाळका पाडला की तो बरोबर माझ्या फळीला टेकायचा, म्हणजे भरलेला कॅन उचलायला नको, नुसता सरकवायचा. ही उंची लक्षात ठेवा. पुढे ती माझ्याच छातीवर आली.

ओमुंडला एकच मुलगी, हर्बोर्ग. हातगाडीवर कॅन घालून ती उतारावरून यायची, कॅन माझ्यावर चढवायची आणि ट्रक येईपर्यंत पाय हलवत बसायची. तिच्या टाचांनी पुढच्या फळीला जो खळगा पडला होता तो मी कितीतरी वर्षं जपला. आता नाही तो. तेही सांगतो.

पुढे दुधाचे टँकर आले, ते मोठ्या गोठ्यांवरच जायला लागले. गावातल्या गाई गेल्या, मेंढ्या आल्या. मी रिकामा झालो. पण रिकामी जागा माणसाला कुठे बघवते? लोक येऊन बसायला लागले. मीही म्हटलं, दूध नाही तर नाही, गावाचं मन तरी आपल्यावर उतरेल.

या लोकांची एक खोड आहे. समोरासमोर बसवलं की यांची दातखीळ बसते. जेवणाच्या टेबलावर गप्प, सभेत गप्प. पण माझ्यावर दोघं शेजारी शेजारी बसले, दोघांची नजर खाडीवर, एकमेकांच्या तोंडाकडे बघायची गरज नाही, की जीभ मोकळी सुटते. नवऱ्याबद्दलची तक्रार, भावाभावातली अढी, डॉक्टरने सांगितलेलं आणि घरी न सांगितलेलं, सगळं माझ्या पोटात आहे. मी ते कुणाला सांगितलं नाही. मला तोंडच नाही, त्यात माझा मोठेपणा काही नाही. पण यांना तोंड आहे. देवाने धडधाकट तोंड दिलेलं आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत शहरातून वेंके नावाची एक बाई आली. बोटीच्या कंपनीची. मोठी प्रवासी बोट आठवड्यातून एकदा, बुधवारी, आमच्या खाडीत नांगर टाकणार, छोट्या होड्यांनी पाचशे माणसं धक्क्यावर उतरणार, चार तास फिरणार, परत जाणार. वर्षातले सहा बुधवार. कोणता हंगाम सर्वांत चांगला ते गावाने ठरवायचं. मेपासून, जुलैपासून की सप्टेंबरपासून.

पुढचे तीन आठवडे माझ्यावर दुसरा विषय नव्हता.

दुकानवाली ओडलाउग म्हणाली, "जुलैत मुळीच नको. जुलैत अख्खं गाव सुट्टीवर असतं. मी स्वतः कुलूप लावून बहिणीकडे जाते. पाहुण्यांना काय ढग दाखवायचे?"

"ढग मात्र मुबलक असतात जुलैत," सिव्हर्ट म्हणाला. सिव्हर्टची सफरचंदाची बाग आहे, सभागृहाच्या मागच्या चढावर. "पण सप्टेंबरपण नको. माझी तोडणी असते. एक पाहुणा एक सफरचंद तोडणार, असे पाचशे पाहुणे."

"तू मोजत बसणार का?"

"मोजायला कशाला हवं. झाडच बोलेल. आणि रस्ता एकच आहे, ओडलाउग. त्यांची रांग आणि माझा ट्रॅक्टर, कोण कुणाला वाट देणार?"

"मग मे."

"मे सुंदरच असतो. वर बर्फ, खाली फुलोरा, धबधब्यांना भरपूर पाणी. त्या बाईचं मनही मेवरच आहे."

बघितलंत? सर्वांत चांगला हंगाम कोणता, तर जो शेजाऱ्याच्या वाट्याला येतो तो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काही एका मुलखाची मालकी नाही.

मे कुणाच्या वाट्याला येत होता ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. हर्बोर्गच्या. ओमुंडचं घर आणि माझ्यामागचं कुरण आता तिच्याकडे होतं, आणि साठ मेंढ्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. एप्रिलच्या शेवटाला तिच्या मेंढ्या व्यायला लागतात. गोठा लहान, दाटी झाली की कोकरं आजारी पडतात, म्हणून दोन-तीन दिवसांचं कोकरू झालं की आईसकट बाहेर काढावंच लागतं. डोंगरावर तेव्हा बर्फ असतो. गवत उगवलेली जागा एकच, माझ्यामागची. धक्क्याला लागून.

सभेच्या आदल्या दिवशी ती माझ्यावर बसली होती. शेजारी सिव्हर्ट.

"मेमध्ये माझ्या मेंढ्या वितात," ती म्हणाली.

"ते काय सांगायला हवं? माहीत आहे सगळ्यांना."

"माहीत आहे ना. मग झालं तर."

"मी काढेन विषय, हवं तर."

"बघ. जमलं तर."

एवढंच. यापेक्षा जास्त बोलणं म्हणजे आमच्याकडे गळ्यात पडण्यासारखं. ती गेली आणि मला हायसं वाटलं. मूर्ख मी. म्हटलं, सिव्हर्ट बोलणार.

सभा समोरच्या सभागृहात. वॅफलच्या तव्यांचा धूर होतो म्हणून तिथली खिडकी कडाक्याच्या थंडीतही उघडी ठेवतात, आणि आतला शब्द न् शब्द मला ऐकू येतो. योस्टाइन हा गावसमितीचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान कुणी भांडलं असतं त्याच्याशी.

"तर कंपनीचं म्हणणं मे," योस्टाइन म्हणाला. "कुणाची हरकत?"

तव्यावर पीठ चर्रकन वाजलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. चाळीस माणसं आत, आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी सगळी गप्प.

"मग हरकत नाही असं लिहितो."

लिहिलं. मग कॉफी आली, वॅफल आले, त्यावर तपकिरी चीज आलं, आणि एकाएकी सगळ्यांना कंठ फुटला. हवामानाबद्दल.

सभा सुटल्यावर ओडलाउग आणि सिव्हर्ट घरी जाता जाता टेकले.

"तू बोलणार होतास ना?"

"ती समोर बसली होती, ओडलाउग. धडधाकट बाई. तिच्या देखत मी तिच्या वतीने बोलायचं म्हणजे हिला तोंड नाही असं चारचौघांत म्हणायचं. तिला किती लाजल्यासारखं झालं असतं."

"तेही खरंच."

दुसऱ्या दिवशी हर्बोर्ग दुकानातून येताना बसली. ओडलाउग बरोबर होती.

"कुणी काही बोललं नाही," हर्बोर्ग म्हणाली. "म्हणजे त्यांना तसंच हवं असेल. मी कशाला गावाच्या आड येऊ?"

आणि ओडलाउग, जिला सगळं ठाऊक होतं, ती म्हणाली, "हं."

हं! माझ्या फळ्या करकरल्या. थंडीने करकरतात असं त्यांना वाटलं असेल. मला हर्बोर्गचाही राग आला, लपवत नाही. तीही त्यातलीच. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या गावात ती पाटावर बसून जेवते, सभ्यता नाव घेऊन.

मे आला. पहिला बुधवार. सिव्हर्टच्या बागेत फुलं नुकती उमलत होती, पलीकडच्या कड्यावरून सात धबधबे पडत होते, आणि कुरणात चाळीसेक कोकरं उड्या मारत होती. बोट आली. आमच्या चर्चपेक्षा उंच. होड्या धक्क्याला लागल्या आणि माणसांचा लोट वर आला.

हर्बोर्गने कुंपणाला एक पाटी लावली होती, स्वतःच्या हाताने लिहिलेली. आत येऊ नका, मेंढ्या नुकत्या व्याल्या आहेत. लोकांनी त्या पाटीचे फोटो काढले. मग माझ्यावर चढून कुंपण ओलांडलं.

माझ्यावर चढून. माझी पायरी केली. माझ्या उंचीचा पहिला विश्वासघात तो.

एका माणसाने तीन दिवसांचं कोकरू उचललं, छातीशी धरलं, बायकोने फोटो काढला. मग तिने धरलं, त्याने काढला. माणूस प्रेमळ होता, डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. फोटो झाल्यावर त्याने ते खाली ठेवलं, भलत्याच मेंढीजवळ. कोकराला माणसाचा, अत्तराचा, कसकसला वास लागला. ते आईकडे पोचलं तेव्हा तिने हुंगलं आणि डोक्याने ढकलून दिलं. ते परत गेलं, तिने परत ढकललं. संध्याकाळी हर्बोर्ग अशी तीन कोकरं कोटात घालून घरी घेऊन गेली, बाटलीने पाजायला. एक जगलं.

त्या संध्याकाळी सगळं गाव आलं. हेच सांगताना मला जास्त संताप येतो. ओडलाउगने दुधाची पावडर आणली, पैसे घेतले नाहीत. सिव्हर्टने कुंपण हातभर उंच केलं. योस्टाइन स्वतः खांब ठोकत होता. माणसं सोन्यासारखी. हातांनी काहीही सांगा, करतील. फक्त एक वाक्य बोला म्हटलं की यांच्या घशात काटा अडकतो.

दुसऱ्या बुधवारी हर्बोर्ग स्वतः कुंपणाशी उभी राहिली, हात आडवे करून. लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले.

तिसऱ्या बुधवारी सगळं सुरळीत चाललं होतं. पाहुणे परत बोटीवर गेले होते. हर्बोर्ग माझ्यावर बसून जरा श्वास घेत होती. तेवढ्यात कप्तानाने निरोपाचा भोंगा वाजवला. तीनदा, लांबलचक. कौतुकानेच वाजवला असेल. समोरच्या कड्यावर आदळून तो आवाज परत आला, आणि मेंढ्यांना दोन्हीकडून काहीतरी अंगावर येतंय असं वाटलं.

कळपाची पुढारीण स्टियेर्ना. गळ्यात घंटा असलेली. जूनमध्ये डोंगरावर जायची वाट तिला पाठ, ती पुढे आणि बाकीच्या मागे. ती खालच्या बाजूला पळाली, खडकावर आली आणि थेट पाण्यात गेली. तिच्यामागून दुसरी. तिच्यामागून तिसरी. नऊ गेल्या. माणसं मेंढ्यांना यावरून नावं ठेवतात.

हर्बोर्ग धावली. तिने हाक मारली नाही कुणाला, तरी गाव धावलं. होड्या काढल्या, दोर टाकले. बर्फ वितळून आलेलं पाणी ते. पाच वाचल्या. चार खडकाजवळ ओळीने ठेवल्या, त्यांत स्टियेर्ना. तिची घंटा हर्बोर्गने सोडवून घेतली आणि घरी जाताना माझ्यावर ठेवून गेली. विसरली असं नाही. तिच्याने ती घरी नेववली नाही.

रात्रीच्या जेवणाची सहा भांडी आली तिच्या घरी त्या दिवशी. मटणाचं सूप मात्र कुणी आणलं नाही, एवढी अक्कल होती.

उरलेले तीन बुधवार भोंगा वाजला नाही. योस्टाइनने कंपनीला पत्र लिहून विनंती केली होती, अगदी नम्र. हंगाम मात्र बदला असं त्यात नव्हतं.

ऑक्टोबरात पुन्हा सभा ठरली, पुढच्या वर्षाचा हंगाम ठरवायला. आदल्या दिवशी दुपारी सिव्हर्ट एकटाच आला. तोडणी संपली होती, हात चिकाने काळे पडले होते. इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही. मग घसा खाकरला आणि खाडीकडे बघून मोठ्याने म्हणाला,

"मेऐवजी सप्टेंबर करूया. मेमध्ये हर्बोर्गच्या मेंढ्या वितात."

सात शब्द. थांबला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज अगदी स्थिर होता. स्वतःची तोडणी सोडायला निघाला होता हो तो माणूस. पाचशे पाहुणे स्वतःच्या बागेवर घ्यायला निघाला होता. मला त्याच्याबद्दल इतकं भरून आलं की जानेवारीचा सगळा राग मी सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी होती. योस्टाइनने अहवाल वाचला. मे उत्तम गेला, एक दुर्दैवी प्रसंग वगळता. कंपनी खूश आहे, कोकरांचे फोटो फार लोकप्रिय झाले आहेत. पुढच्या वर्षीही मेच करावा असा कंपनीचा विचार आहे.

"कुणाची हरकत?"

तवा चर्र झाला. आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. सिव्हर्ट उभा राहिला.

मी म्हटलं, बोल.

"मला एक सांगायचं आहे," सिव्हर्ट म्हणाला. नंतर ओडलाउगकडून मी ऐकलं, तेव्हा हर्बोर्गने मान वर करून त्याच्याकडे बघितलं होतं, आणि बाकीच्या अडतीस जणांनीसुद्धा.

"रस्त्यावरच्या दुधाच्या कट्ट्याच्या फळ्या," सिव्हर्ट म्हणाला, "फार कुजल्यात. पाहुणे चढतात त्यावर. कुणी पडलं तर?"

आतून असा सुस्कारा आला जसा काही चाळीस जणांच्या पायातला काटा निघाला. खरंच की, किती दिवस झाले, कुणीतरी बघायला हवंच होतं. एकदम सात जण बोलायला लागले. माझ्याबद्दल. कोणतं लाकूड, कोणता रंग, खिळे की स्क्रू. सर्वानुमते ठरलं की येत्या शनिवारी दुगनाड करायचा. दुगनाड म्हणजे सगळ्या गावाने मिळून फुकट राबायचं आणि मग बसून खायचं. यांचा सर्वांत आवडता सण.

"आणि मे?" योस्टाइनने विचारलं. "हरकत नाही असं लिहितो."

शनिवारी आले सगळे. हातोडे, करवती, मुलंबाळं, थर्मासात कॉफी. माझ्या जुन्या फळ्या उचकटल्या. हर्बोर्गच्या टाचांचा खळगा असलेली फळी शेकोटीत गेली. नवीन देवदाराच्या फळ्या बसवल्या, लाल रंग फासला. सिव्हर्ट सगळ्यांत जास्त राबला. सगळ्यांआधी आला, सगळ्यांनंतर गेला, कुणाच्या नजरेला नजर न देता. हर्बोर्गही होती, ब्रश घेऊन. तिने छपराची आतली बाजू रंगवली. सगळे म्हणत होते, काय सुंदर दिसतोय आता. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, की मला नवं लाकूड नको होतं. माझ्या अंगावरची प्रत्येक फळी म्हणजे तिच्यासाठी न बोललेलं वाक्य आहे. त्याचं ओझं दुधाच्या कॅनांपेक्षा जड आहे.

नोव्हेंबरात ट्रक आला. किती वर्षांनी माझ्यासमोर ट्रक उभा राहिला. ड्रायव्हरने फाळका पाडला, तो बरोबर माझ्या फळीला टेकला. ओमुंडचं माप चुकलेलं नव्हतं.

मग हर्बोर्गने कुरणाचं फाटक उघडलं आणि मेंढ्या एकेक करून माझ्यावरून ट्रकात चढवल्या. दरीपलीकडच्या कुणीतरी घेतल्या होत्या. नव्या रंगावर त्यांचे खूर घसरत होते, तर ती प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून सावरत होती. सिव्हर्ट मदतीला आला होता. ओडलाउगने सगळ्यांसाठी कॉफी आणली होती. शेवटची मेंढी चढली, फाळका वर गेला, ड्रायव्हरने विचारलं, "एवढ्या चांगल्या मेंढ्या का विकताय?"

"वय झालं," हर्बोर्ग म्हणाली.

खोटं. एकसष्ट वर्षांची बाई, अजून कोकरू खांद्यावर टाकून डोंगर उतरते. पण शेजारी सिव्हर्ट आणि ओडलाउग उभे होते, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून तिने ते खोटं बोलून टाकलं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. आणि ती दोघं मान हलवत होती, हो हो, वय होतंच कधीतरी.

आता पुन्हा मे आहे. काल बुधवार होता. बोट आली, पाचशे माणसं आली. हातात कंपनीची नवी पुस्तिका, तिच्या मुखपृष्ठावर मी, लाल, आणि मागे कुरणात कोकरं. फोटो जुना, त्यावर माझा रंग नवा चढवलेला. लोकांनी कुंपणावरून वाकून बघितलं. कुरणात गुडघाभर गवत आणि शुकशुकाट. ओडलाउगला दुकानात दिवसभर एकच प्रश्न, कोकरं कुठे आहेत? ती सांगत होती, यंदा नाहीत. जणू कोकरं म्हणजे हवामान.

हर्बोर्ग आता खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकघरात काम करते. आज सकाळी आठच्या बससाठी ती माझ्यावर बसली होती. पाय हलवत नव्हती. योस्टाइन आला आणि शेजारी टेकला. दोघांची नजर खाडीवर.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "कंपनीचा फोन होता. पुस्तिकेवर कोकरं आहेत ना, म्हणून लोक नाराज होतात. तर तू पाच-सहा आणून ठेवशील का? फक्त बुधवारी. खर्च ते देतील."

बस पलीकडच्या वळणावर दिसायला लागली.

"मला वाटलं, तुला आवडेल," योस्टाइन म्हणाला. "मेंढ्यांशिवाय तुला सुनं वाटत असेल."

ती उठली. पिशवी खांद्याला लावली. आणि मग वळून त्याच्या तोंडाकडे बघितलं, सरळ. माझ्यावर बसणाऱ्या माणसाने असं बघितलेलं मी सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं.

"सभेत मांड," ती म्हणाली.

"सभेत? एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"हो. सभेत मांड आणि विचार, कुणाची हरकत आहे का. माझी नाही म्हणून लिही. नेहमीसारखं."

बस आली. ती गेली. योस्टाइन बसून होता, हात गुडघ्यांत घालून. त्याचे कान लाल झाले होते. सिव्हर्ट ट्रॅक्टर घेऊन आला, थांबला आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," योस्टाइन म्हणाला.

झालं. हे असं आहे. म्हणून मी आज बोललो.

मी म्हातारा असलो तरी दिसायला कधी नव्हे इतका छान आहे. लाल, गुळगुळीत, फोटोत उठून दिसणारा. अजून पन्नास वर्षं टिकेन म्हणतात. कशासाठी टिकायचं ते कुणी सांगत नाही. मागे कुरण वाढतंय, पुढे सभागृहाची खिडकी उघडी आहे, आणि मधे मी सिव्हर्टचे ते सात शब्द पाठ करून बसलोय. तोंड असतं तर तेव्हाच बोललो असतो, त्या खिडकीतून, सगळ्यांच्या वॅफलवर.

तुम्हीही कुठल्यातरी कट्ट्यावर बसणारे आहात, मला माहीत आहे. तुमच्याकडेही एखादी हर्बोर्ग असेल, आणि तिच्याबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असेल. माझी विनंती वगैरे काही नाही. विनंत्या योस्टाइन करतो. मी सांगतोय. जे समोरच्या दारातून आत गेल्यावर बोलायचं नाही, ते इथे बसून माझ्या कानात ओतू नका. माझं पोट भरलंय.

चला, उठा आता. तुमच्या सभेची वेळ झाली असेल.